मुंबईत नवीन आहात? आडवळणाची हॉटेलं, परमिट रूम आणि दुकानं गाठायची कशी

२००९च्या जूनमध्ये मी बार्शीहून मुंबईत आलो. लालबागच्या एका चाळीत चौघांत मिळून खोली घेतली आणि पुढचे सहा महिने रोज रात्री ऑफिसखालच्या एकाच चायनीजच्या गाडीवर जेवलो. मुंबईत खाण्यापिण्याला काय तोटा, असं गावाकडे सगळे म्हणायचे. तोटा नव्हताच. पण कुठल्या दारातून आत शिरायचं, कुठल्या टेबलावर बसायचं, काय मागायचं आणि मुख्य म्हणजे कधी जायचं, हे सांगायला कोणी नव्हतं. शेवटी शेजारच्या खोलीतल्या काकांना राहवलं नाही. गिरणीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, "रोज रोज नूडल्स खातोस, पोटात गांडुळं पाळलीस काय रे? उद्या सकाळी सातला तयार राहा." सकाळी त्यांनी मला धोबी तलावाला नेलं, एका इराण्याच्या हॉटेलात. तिथून माझी मुंबई सुरू झाली.

हा लेख त्या सहा महिन्यांतल्या माझ्यासारख्यांसाठी आहे. इथे 'टॉप टेन' नाही. मला आवडणाऱ्या जागा आहेत, तिथे कसं जायचं, कसं वागायचं आणि कुठे माती खाल्ली जाते, ते आहे.

१. आधी वार बघा, मग पत्ता

नवखा माणूस पत्त्यावर चुकत नाही, वारावर चुकतो. फोनवर नकाशा असतो, तो दारापर्यंत नेऊन सोडतो. दाराला कुलूप असतं.

फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट हा ऑफिसांचा भाग. रविवारी तिथे कबुतरं आणि क्रिकेट खेळणारी पोरं एवढंच असतं. बरीच जुनी हॉटेलं बंद. 'ब्रिटानिया'सुद्धा रविवारी बंद आणि इतर दिवशीही फक्त दुपारच्या जेवणापुरतं उघडं. माटुंग्यात सोमवारी जाऊ नका. 'कॅफे मद्रास' आणि रामा नायकांचं उडुपी, दोघांची सुटी त्याच दिवशी. चोर बाजारातली जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात. फोर्टमधल्या एका नामांकित ठिकाणी मी गावाहून आलेल्या आई-वडिलांना टॅक्सीने घेऊन गेलो होतो, रविवारी. शटरपुढे उभे राहून आम्ही तिघांनी फुटाणे खाल्ले. आई अजून तो विषय काढते.

रविवारची दुसरी भानगड म्हणजे मेगाब्लॉक. रुळांच्या कामासाठी मध्य आणि हार्बरवर बहुतेक रविवारी काही तास गाड्या बंद असतात किंवा दुसऱ्या मार्गावरून वळवतात. पश्चिमवाले त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. शनिवारी रात्रीच वेळापत्रक बघून ठेवा. खादाडीसाठी शनिवार हा खरा वार. सगळं उघडं असतं आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येतं.

२. बरोबर काय घ्याल

- वय दाखवणारं ओळखपत्र. आधार, लायसन, काहीही चालेल, पण त्यावर जन्मतारीख हवी. परमिट रूमसाठी लागतं.
- रोख पैसे, तेही सुटे. स्कॅन करून पैसे द्यायची सोय आता बहुतेक सगळीकडे आहे, पण जुन्या हॉटेलांपैकी काही अजून रोखीवरच अडून बसतात. गल्ल्यावरच्या शेटला पाचशेची नोट दिली की तो नोटेपेक्षा आपल्याकडे जास्त वेळ बघतो.
- लोकलचं परतीचं तिकीट आणि फोनमध्ये एम-इंडिकेटर, म्हणजे लोकलच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप.
- कापडी पिशवी. दुकानांच्या भागात लागणारच.
- स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, लालबागला मसाला घ्यायचा असेल तर.
- पाण्याची बाटली, आणि जून ते सप्टेंबर छत्री.

गाडी घेऊन जाऊ नका. पार्किंग शोधण्यात जेवणाची वेळ टळते, आणि पिणार असाल तर प्रश्नच मिटला. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला येतच नाहीत, हेही नवीन माणसाला कोणी सांगत नाही. तिथून पुढे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा पाय. आता भुयारी मेट्रो ३ झाल्यापासून काळबादेवी, गिरगाव, हुतात्मा चौक इथे थेट जमिनीतून वर निघता येतं. ज्यांनी मे महिन्यात चर्नी रोडहून चालत काळबादेवी गाठली आहे, त्यांनाच त्याची किंमत.

३. सकाळ इराण्याकडे

मुंबईत 'पारशी' आणि 'इराणी' हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, पण हॉटेलवाले इराणी म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, किरमान या भागांतून आलेले झरतुष्ट्री. पारशी त्यांच्या कितीतरी शतकं आधीचे. इराण्यांची हॉटेलं हटकून कोपऱ्यावर. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असं जुने लोक सांगतात. कारण काही असो, दोन्ही रस्त्यांवरून उजेड आणि गिऱ्हाईक आत येतं.

सुरुवात 'कयानी'पासून करा. १९०४चं हॉटेल आहे. मरीन लाइन्सला उतरा, मेट्रो सिनेमाकडे चालत या; सिनेमाच्या समोरच्या जुन्या इमारतीत ते दिसेल. चौकड्यांचं टेबलक्लॉथ, त्यावर काच, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या. आत शिरल्यावर 'किती जण?' विचारायला कोणी येत नाही. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं. चौघांच्या टेबलावर आधी एक आजोबा पेपर वाचत असतील तर 'बसू का?' एवढं विचारा, ते पेपर न हलवता मान हलवतील. त्यांच्याशी बोलायलाच हवं असं नाही. तुम्ही गप्प राहिलात तर त्यांना बरंच वाटेल.

काय मागायचं? पहिल्यांदा बन मस्का आणि चहा. बन मऊ आणि किंचित गोड असतो. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव, तो चहात बुडवल्याशिवाय खाऊ नये, टाळू सोलवटते. मी पहिल्या दिवशी ब्रून कोरडाच चावत होतो. काकांनी न बोलता माझ्या हातातला तुकडा घेतला, माझ्याच कपात बुडवला, दोन आकडे मोजेपर्यंत धरला आणि परत दिला. लोणी वितळून चहावर पिवळे डोळे तरंगायला लागले. चहा तेवढा तेलकट दिसला पाहिजे, नाहीतर मस्का कमी लावलाय असं समजायचं. पोटात जागा असेल तर खिमा पाव किंवा अकुरी (पारशी पद्धतीची अंडा भुर्जी), आणि निघताना मावा केक.

एक लक्षात ठेवा: काही इराण्यांकडे न मागता केक-पेस्ट्रीची भरलेली बशी टेबलावर येते. ती फुकट नाही आणि सगळी संपवायचीही नाही. जेवढे नग खाल तेवढ्यांचे पैसे, उरलेली बशी पुढच्या टेबलावर जाते.

कयानीत गर्दी असेल तर जवळच 'ससानियन' आहे, १९१३चं. कुलाब्याकडे राहत असाल तर सकाळी 'ऑलिंपिया'चा खिमा खा. तो सकाळचाच खायचा पदार्थ आहे, दुपारी जाऊन 'संपला' ऐकण्यात अर्थ नाही.

दुपारच्या जेवणाला ब्रिटानिया. १९२३ सालापासून बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. बेरी पुलाव मागा. त्यातल्या आंबट लाल बेऱ्या इराणहून येतात. बरोबर पालनजीचा रास्पबेरी सोडा. त्याची चव खोकल्याच्या औषधासारखी आहे असं माझी बायको म्हणते, आणि दर वेळी माझ्या बाटलीतला अर्धा पिते. पारशी जेवण स्वस्त नाही हे आधीच सांगतो. पगाराच्या आठवड्यात जा.

४. माटुंगा: कुठलं स्टेशन ते आधी ठरवा

'माटुंगा' मध्य रेल्वेवर आहे. 'माटुंगा रोड' पश्चिम रेल्वेवर. दोन्ही वेगळी. आपल्याला पहिल्याच्या पूर्वेला जायचंय. पश्चिमेकडून येत असाल तर दादरला गाडी बदला, किंवा माटुंगा रोडला उतरून पूल ओलांडून चाला, भूक लागेल.

स्टेशनबाहेरच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग', १९४२ पासून. इथे दोन प्रकार: मोजकी थाळी आणि केळीच्या पानावरचं हवं तेवढं जेवण. पहिल्यांदा गेलात तर पानच घ्या. आधी पैसे भरून कुपन घ्यायचं, मग रांगेत बसायचं. जेवून झाल्यावर स्वयंपाकघर बघायला आत जाऊ देतात, नक्की जा. तशा मोठमोठ्या भांड्यांत रसम उकळताना बघितलं की लग्नघराची आठवण येते. वाढपी पानाजवळ येऊन थांबला आणि तुम्हाला नको असेल तर पानावर हात आडवा धरा. 'नको नको' म्हणून ऐकू येत नाही.

नाश्त्याला जायचं असेल तर 'रामाश्रय' किंवा किंग्ज सर्कलचं 'कॅफे मद्रास' (१९४०). रामाश्रय भल्या पहाटे उघडतं, तिथला अननसाचा शिरा घ्या. कॅफे मद्रासला शनिवार-रविवारी नाव लिहून रस्त्यावर उभं राहावं लागतं. तुमचं नाव पुकारल्यावर तुम्ही फोनवर लांब गेला असाल तर नाव कापलं जातं. याबद्दल वाद घालू नका, मागचे पंचवीस लोक त्यांच्या बाजूने असतात. रसम इडली आणि फिल्टर कॉफी झाली की उठा. बाहेर उभ्या माणसांकडे बघत दुसरी कॉफी घशाखाली उतरत नाही.

५. काळबादेवी, पटकन

गुजराती थाळीसाठी 'ठाकर भोजनालय', १९४५ पासूनचं, दादीशेठ अग्यारी गल्लीत. दोन दिवस उपास करून जा, बाकी काही सांगायला नको.

झवेरी बाजाराच्या बाजूला 'भगत ताराचंद'. इथे 'काली बाटली' मागा, बिअरच्या बाटलीत मसाला ताक येतं. ऑफिसच्या दुपारी टेबलावर ती बाटली ठेवून फोटो काढायचा आणि बॉसला पाठवायचा, हा आमचा जुना खेळ. मात्र या नावाच्या पाट्या शेजारी-शेजारी अनेक आहेत, प्रत्येकाच्या नावाआधीचं अक्षर वेगळं. कुटुंब वाढलं तशी हॉटेलं वाढली. मित्राला 'भगत ताराचंदला भेटू' एवढंच सांगाल तर तो एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

६. माशांची खानावळ

लालबाग, परळ, दादर हा जुना गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे खानावळवालीकडे, महिन्याच्या हिशेबाने. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मग १९८२चा संप झाला आणि गिरण्याच गेल्या. तशा खानावळी आता शोधून सापडत नाहीत, पण त्या हाताची चव मालवणी हॉटेलांत उरली आहे. दादर पश्चिमेला 'सिंधुदुर्ग' आणि 'चैतन्य' ही दोन नावं सांगेन. त्याहून लहान, सहा टेबलांची, पाटीवरची अक्षरं पुसलेली खानावळ तुमच्या घराजवळ सापडली तर माझं न ऐकता तिथेच जा.

मागायच्या आधी तीन गोष्टी विचारा.

पहिली, "दादा, आज ताजं काय आहे?" मेन्यूकार्ड बघून सुरमई मागू नका. बांगडा ताजा असेल तर बांगडा खा, तो सुरमईपेक्षा स्वस्त असतो आणि माझ्या मते चवीला वरचढ.

दुसरी, भाव. पापलेट, सुरमई, खेकडे यांच्यापुढे कार्डावर बहुतेकदा आकडाच नसतो, बाजारभावाप्रमाणे घेतात. आकार बघून, भाव ठरवून मग हो म्हणा. मी एकदा दादरच्या एका हॉटेलात फुशारकीने 'मोठा खेकडा आणा' म्हणालो होतो. महिनाअखेर होती. बिल बघून रूमपार्टनरला फोन करून पैसे मागवले आणि तो येईपर्यंत तीन सोलकढ्या प्यायलो.

तिसरी, महिना. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या दोन महिन्यांत 'ताजी सुरमई' म्हणून जे येतं ते बहुधा बर्फातलं. तेव्हा सुक्या बोंबलाची चटणी, सुकटीचं कालवण, कोंबडी-वडे खावेत. पावसाळ्यात माणसं तेच खात आली आहेत.

भात शेवटी घ्या. सोलकढीतला थोडा भाग भातावर घालायचा, थोडा वाटीतून प्यायचा, हे कोणी शिकवलं नाही तर आख्खी वाटी आधीच संपते.

७. परमिट रूम

नावापासून सुरू करू. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो कायदा अजून जिवंत आहे. बंदीच्या काळात माहीम, वांद्र्यापासून गिरगावापर्यंत घरांतून 'आंटी'चे गुत्ते चालत. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवानाधारकांना बसून प्यायच्या खोल्या निघाल्या, त्या परमिट रूम. पाटीवर आजही तेच लिहिलेलं असतं.

कागदोपत्री काय लागतं: बिअर आणि वाईनसाठी वय २१, बाकी कडक मालासाठी २५. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला ५ रुपये, देशीला २ रुपये. वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १,०००. एक दिवसाच्या परवान्याचं पुस्तक दुकानात, बारमध्येच असतं. बहुतेक वेळा तुम्हाला न दाखवताच फाडलं जातं. नेहमी घरी बाटली ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून कायमचा काढून ठेवा, अर्ज ऑनलाइन होतो.

आता आत शिरू. परमिट रूमला बहुधा दोन भाग असतात. खाली किंवा पुढे साधा, आत किंवा वर एसी. दोन्हीकडे दारू तीच, चखणा तोच, एसीतला भाव जास्त. बायका बरोबर असतील किंवा तुम्ही स्वतः बाई असाल आणि एकट्या-दुकट्या जात असाल, तर एसीत बसणं सोयीचं पडतं. पुढच्या भागात कोणी काही बोलत नाही, पण बघतात. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी दोघी-तिघी मिळून कुलाबा, वांद्र्याच्या जागांना आधी गेल्या, वेटर ओळखीचे झाल्यावर मग कुठेही.

बसल्याबरोबर शेंगदाणे, उकडलेले चणे किंवा काकडीच्या फोडी येतील. हा चखणा बहुतेक ठिकाणी दारूसोबत असतो, संपला की पुन्हा मागता येतो. मसाला पापड आणि चिकन चिलीचे पैसे पडतात. तीस मिली म्हणजे छोटा पेग, साठ म्हणजे मोठा. दोघं-तिघं असाल तर सुटे पेग मागण्यापेक्षा क्वार्टर मागवा, १८० मिलीची बाटली येते. सील डोळ्यांदेखत फोडायला सांगा. चांगला वेटर सांगायच्या आधीच बाटली तुमच्यापुढे धरतो, अंगठ्याने लेबल दाखवतो आणि मग टोपण पिळतो. तो 'कट' आवाज तुम्ही ऐकलात की नाही याकडे त्याचं लक्ष असतं. सुटा पेग घेतलात तर तो टेबलाशी मापाने मोजून ओतायला सांगा. यात कोणाला राग येत नाही. राग आला तर उठा.

माझ्या आवडीच्या जागा: कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीत 'गोकुळ'. समोर बडेमियाँच्या कबाबांचा धूर, आत कॉलेजची पोरं, वकील, परदेशी पाहुणे, सगळे एकाच गोंगाटात. 'लिओपोल्ड' १८७१चं आहे आणि एकदा बघावंच, पण तिथे मुंबईकरांपेक्षा पर्यटक जास्त. मला त्यापेक्षा रीगल सिनेमाजवळचं 'मोंडेगार' बरं वाटतं; भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, एकट्याने बिअर घेऊन बसलं तरी भिंतीवरची माणसं सोबत करतात. वांद्र्याला पाली नाक्याजवळ 'जनता', साधं आणि कायम भरलेलं. तिथेच जवळ 'टोटोज गराज', आतली सजावट गॅरेजची आणि वर टांगलेली फोक्सवॅगन बीटल. ते थोडं महाग आहे, पण मित्राच्या वाढदिवसाला चालतं.

फसायच्या जागा इथेच सांगून टाकतो:

- पाटीवर 'ऑर्केस्ट्रा' लिहिलं असेल तर ती परमिट रूम नव्हे. आत गाणारी मुलगी, अंधार आणि बिल भरमसाट.
- अ‍ॅपवर नुकतीच ओळख झालेली व्यक्ती 'मला माहीत असलेल्या बारमध्ये जाऊ' असा हट्ट धरत असेल तर जागा तुम्ही सुचवा. बारशी संगनमत करून हजारोंचं बिल फाडण्याचे प्रकार या शहरात झाले आहेत.
- मेन्यूकार्ड मागितल्यावर 'काय पाहिजे ते सांगा ना साहेब' असं उत्तर आलं तर पाणीही पिऊ नका.
- ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर आहेतच. शिवाय आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि निवडणुकांच्या आधीचे दिवस.
- श्रावण लागायच्या आधीचा गटारीचा शनिवार-रविवार. बसायला जागा मिळत नाही आणि मिळाली तर शेजारचा रडत असतो.

बाराच्या आत स्टेशन गाठा. त्यानंतर लांबच्या गाड्या विरळ होतात, आणि कसारा-कर्जतवाल्याची गाडी चुकली तर पहाट फलाटावर.

८. दुकानं

चोर बाजार. भेंडी बाजाराच्या पोटात मटण स्ट्रीट नावाची गल्ली आहे, ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोडवरून चालत जाता येतं. अकराच्या सुमारास जा, दुकानं उघडत असतात आणि पहिल्या गिऱ्हाइकाला भवानीच्या नावाने थोडं कमी करतात. ग्रामोफोन, सिनेमांची जुनी पोस्टरं, भंगारात निघालेल्या जहाजांतले पितळी दिवे, दाराच्या कड्या, चिनी मातीच्या बरण्या. यातलं सगळंच जुनं नाही. नवं पितळ काळवंडवून जुनं करणं हा स्वतंत्र धंदा आहे. वस्तू उलटी करून तळ बघा: वापराने झिजलेली वस्तू एका बाजूला जास्त झिजते, बनवलेली सगळीकडून सारखी मळकट असते. विजेवर चालणारी वस्तू लावून दाखवल्याशिवाय घेऊ नका आणि मोबाइल अजिबात घेऊ नका.

मी तिथून लंबकाचं एक भिंतीवरचं घड्याळ आणलं. दुकानात टिकटिक करत होतं, घरी आणून टांगलं तर दहा मिनिटांत बंद. फसलो म्हणून आठवडाभर शिव्या दिल्या. मग दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने घड्याळ उघडलंसुद्धा नाही. तळाला बोट लावून ते केसभर डावीकडे सरकवलं, कान देऊन ऐकलं. म्हणाला, "घड्याळ चांगलंय. तुमचा खिळा वाकडा आहे." टिक आणि टकमधलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे, नाहीतर लंबक थांबतो. ते घड्याळ अजून चालू आहे.

शुक्रवारी मात्र त्याच परिसरात पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो. बूट, हत्यारं, वायरी, एकटे रिमोट. हौस असेल तरच, आणि पाकीट पुढच्या खिशात.

लालबाग. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम. मिरच्यांचे ढीग, वर उन्हाळा आणि सगळी गल्ली शिंकत असते. रंगाला बेडगी किंवा काश्मिरी, तिखटाला लवंगी, मधल्या चवीला संकेश्वरी. प्रमाण माहीत नसेल तर दुकानात सांगा की मालवणी हवाय की घाटी आणि घरात माणसं किती; ते यादी करून देतात. मिरची, खडे मसाले घ्यायचे, भाजून घ्यायचे आणि शेजारच्या कांडपावर कुटून घ्यायचे. कुटताना समोर उभं राहा, डोळ्यांना पाणी आलं तरी. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला आत राहिलेला असतो, तो झाडून घ्यायला सांगा. डबा गरम असताना झाकण लावू नका, वाफ धरते. तिथेच चिवडा गल्ली आहे, सुकलेल्या तोंडाने जाऊन पाव किलो तरी घेतलाच जातो.

पुस्तकं. मराठीसाठी दादरला छबिलदासच्या गल्लीत 'आयडियल'. पुस्तक हातात घेऊन बाहेर आलात की श्रीकृष्णचा बटाटेवडा समोर. तेलकट हाताने नवं पान उलटू नका एवढंच. हुतात्मा चौकाजवळ 'किताबखाना', २०११ साली सुरू झालं. २०२० च्या डिसेंबरात आग लागली आणि काही महिन्यांत पुन्हा उघडलं. आसपासच्या पदपथांवरचे पुस्तकवाले पूर्वीइतके राहिले नाहीत, जे आहेत त्यांच्याकडे भाव करता येतो. पुस्तकावर प्रेम बसल्याचं तोंडावर दिसू देऊ नका.

९. पहिला शनिवार असा घालवा

नऊ वाजता कयानी. दहाला चालत क्रॉफर्ड मार्केट. १८६९ची इमारत आहे, दारावरची दगडी शिल्पं लॉकवूड किपलिंग यांची, मान वर करून बघा आणि फळं घेऊ नका, दिवसभर ओझं होईल. अकराला चोर बाजार. एकच्या सुमारास टॅक्सीने बॅलार्ड इस्टेट, ब्रिटानियात बेरी पुलाव. रांग असेल तर अर्धा तास धरा. जेवण जिरवायला चालत किताबखाना. संध्याकाळी चर्चगेटला के. रुस्तुमचं दोन वेफर्समधलं आइस्क्रीम, १९५३ पासूनचं. ते रस्त्यावर उभं राहून खायचं, कडेने वितळतं तिथून सुरुवात करायची. मग मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर अंधार पडेपर्यंत बसा आणि पाय राहिले असतील तर गोकुळ.

एका दिवसात एवढं झेपलं नाही तर चोर बाजार पुढच्या शनिवारी ढकला, पण ब्रिटानिया नको. चार वाजता गेलात तर खुर्च्या टेबलावर चढलेल्या दिसतील. आणि जाताना कोणालातरी बरोबर घ्या. बेरी पुलाव एकट्याला संपत नाही.